घास तोंडात, कारभार मेंदूत

घरात कुणाला घेरी आली, कुणाला फिट आली किंवा कुणाच्या अंगावरून वारे गेले, की जमलेल्या माणसांतून पहिली हाक उठते ती एकच, "अहो, पाणी आणा! आधी पाणी पाजा!" कुणी तांब्या घेऊन धावते, कुणी मान उचलून धरते, कुणी बोटांनी दातखीळ उघडते आणि तोंडात पाणी ओतले जाते. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु हीच माया काही वेळा रोग्याच्या जिवावर बेतते. पाणी तोंडात घालणे आपल्या हातात असते. ते पोटात न्यायचे की छातीत जाऊ द्यायचे, हे ठरविणारा मात्र दुसराच आहे. तो घशात बसत नाही, मेंदूत बसतो.

वाचकहो, आज आपण या गिळण्याविषयी बोलू. विषय साधा वाटतो. आपण दिवसाकाठी पाचशेहून अधिक वेळा गिळतो. जेवताना, चहा घेताना तर गिळतोच, पण बोलताना, काम करताना, झोपेतसुद्धा तोंडात साठलेली लाळ गिळतो. त्याची आपल्याला दादही नसते. जे न सांगता होते त्याची किंमत ते बंद पडल्यावरच कळते.

एक चौक, दोन रस्ते

आपल्या घशाची रचना बिंदू चौकासारखी आहे. नाकातून येणारी हवा आणि तोंडातून येणारे अन्न एकाच चौकात येतात. पुढे रस्ते फुटतात. पुढच्या बाजूची श्वासनलिका फुप्फुसाकडे जाते, तिच्या मागची अन्ननलिका पोटाकडे जाते. हवेने आपल्या रस्त्याने जावे आणि घासाने आपल्या, एवढी शिस्त राहिली पाहिजे. चौकात पोलीस असला तर तो एक बाजू थांबवतो आणि दुसरी सोडतो. घशातही तसेच होते. घास जाताना श्वास क्षणभर थांबवला जातो.

हे खोटे वाटत असेल तर आत्ताच करून पाहा. गळ्याच्या पुढच्या बाजूला जो उंचवटा आहे, ज्याला आपण कंठमणी म्हणतो, त्यावर हलकेच दोन बोटे ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर गेला आणि पुन्हा खाली आला ना? तेवढ्या एका सेकंदात आत किती कामे उरकली ती पाहा. टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला गेला आणि नाकाकडची वाट बंद झाली. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकले. आवाजाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. त्यांच्यावर झडप कलली आणि श्वासनलिकेचे दार बंद झाले. जिभेच्या मुळाने घास मागे रेटला. एरवी घट्ट मिटलेले अन्ननलिकेचे तोंड उघडले. घास आत गेला आणि दारे पुन्हा पूर्ववत झाली.

या कामाला पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या लागतात. एकही जोडी उशिरा आली किंवा लवकर आली तर चौकात अपघात ठरलेला! मागावर धोटा आणि फणी यांचा मेळ चुकला तर काय होते, हे इचलकरंजीच्या कामगारांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच निसर्गाने हे काम आपल्या मर्जीवर सोडलेले नाही.

हुकूम कोठून सुटतो?

घास चावणे, तो जिभेने गोळा करणे, मागे ढकलणे, एवढे आपल्या इच्छेने होते. मनात आले तर आपण घास तोंडात धरून ठेवू शकतो, थुंकूनही टाकू शकतो. पण घास एकदा घशाच्या उंबरठ्याला लागला की पुढचा कारभार आपला राहत नाही. घशातील चेता मेंदूला वर्दी देतात, "माल आला." ही वर्दी मेंदूच्या खालच्या टोकाला, जिथे मेंदू मानेतील मज्जारज्जूला जोडला जातो तिथे पोहोचते. या भागाला लंबमज्जा म्हणतात. तो आकाराने लहान आहे, पण श्वास आणि हृदयाचे ठोके यांवरही त्याचीच देखरेख असते. गिळण्याचा सगळा क्रम, आधी काय आणि नंतर काय, तिथल्या पेशींच्या जाळ्यात आखलेला असतो. तेथून हुकूम सुटतात. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी या जोड्या हे निरोप नेण्या-आणण्याचे काम करतात. जबडा, ओठ, गाल, टाळू, घसा, स्वरयंत्र आणि जीभ ही सगळी त्यांच्या ताब्यात असतात.

वर्दीचे महत्त्व किती, हेही घरच्या घरी पाहता येते. तोंडात काही न घेता लागोपाठ पाच-सहा वेळा आवंढा गिळून पाहा. दोन-तीनदा जमेल, मग अडेल. कारण लाळ संपली. गिळण्याचे यंत्र नुसत्या इच्छेवर फार वेळ चालत नाही, त्याला खालून निरोप लागतो.

पुढे अन्ननलिकेत घास आपल्या वजनाने घसरतो असे आपण समजतो, तेही पूर्ण खरे नाही. बैल, म्हैस मान खाली घालून पाणी पितात, तरी पाणी वर चढून पोटात जातेच ना? अन्ननलिकेच्या भिंती लाटेसारख्या आवळत जातात आणि घास पुढे नेतात. सुमारे २५ सेंटिमीटरच्या या वाटेला आठ-दहा सेकंद लागतात. ही लाटही चेतांच्याच हुकुमाने चालते.

या लंबमज्जेवर मोठ्या मेंदूची देखरेख असते. १९९६ साली इंग्लंडमधील डॉ. शाहीन हमदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेरून चुंबकाचे हलके झटके देऊन हे तपासले. गिळण्याच्या स्नायूंचे नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांत असते, पण समसमान नसते, एका बाजूला जास्त असते, असे त्यांना दिसले. माणूस उजवा आहे की डावखुरा, याच्याशी त्याचा संबंध नाही. दोघांना सारखाच पक्षाघात झाला तरी एकाला गिळता येते आणि दुसऱ्याला येत नाही, याचे कारण बरेचसे इथेच आहे. ज्याची मुख्य बाजू निकामी झाली त्याचा घोट अडतो. पण दुखावलेली बाजू थांबली तरी निरोगी बाजू हळूहळू ते काम शिकून घेते, हेही याच संशोधकांना पुढे दिसून आले. रोग्याच्या घरच्यांनी ही गोष्ट मनात नीट जपून ठेवावी. तिचा उपयोग पुढे येणार आहे.

वारे गेले म्हणजे काय गेले?

आपल्याकडे अर्धांगवायूला अंगावरून वारे गेले म्हणतात. कुणी बाहेरची बाधा म्हणते, कुणी देवऋषी गाठते, कुणी कबुतराच्या रक्ताने मालीश करते. वास्तविक मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि त्या भागाला रक्त मिळेनासे होते. तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. हे सर्वांच्या डोळ्यांना दिसते. पण आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचे गिळणेही सुरुवातीच्या दिवसांत बिघडलेले असते.

अशा माणसाला पाणी पाजले तर काय होते? झडप वेळेवर पडत नाही आणि पाणी श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो. आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढली. आठवणीचा इथे काही संबंध नाही. ठसका हा छातीच्या दारावरचा राखणदार आहे. चुकून आत शिरलेले पाणी तो जोराने बाहेर फेकतो. पण पक्षाघातात कधी कधी हा राखणदारही झोपतो. पाणी, चहा, पेज छातीत जात राहते आणि रोगी साधा खोकतही नाही. घरच्यांना वाटते, किती छान प्यायले! तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, छाती घुरघुरते आणि न्यूमोनिया होतो. गिळणे बिघडलेल्या रोग्यांत न्यूमोनियाचा धोका इतर रोग्यांच्या सुमारे तिप्पट असतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पक्षाघातातून वाचलेला माणूस अशा रीतीने घोटभर चहाने जातो.

एक विशेष प्रकार लक्षात ठेवावा. झटका थेट लंबमज्जेच्या एका बाजूला बसला तर हातपाय चालू राहतात, पण घोट गिळता येत नाही. अचानक गरगरते, तोल जातो, आवाज घोगरा होतो, उचकी थांबत नाही आणि थुंकीसुद्धा गिळवत नाही. हातपाय चालतात म्हणून घरी थांबू नये. हाही पक्षाघातच आहे.

म्हणून पहिला नियम असा. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते यांपैकी काहीही एकाएकी दिसले, तर तोंडात काही म्हणजे काही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, बी.पी.ची गोळी नाही, अॅस्पिरिनही नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे किती वाजता सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. फिट आलेल्या किंवा बेशुद्ध माणसालाही हाच नियम लागू आहे. त्याला कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. दातांत चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका आणि तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका.

विष आणि विषाणू यांचीही हीच वाट

गिळणे मेंदूच्या ताब्यात आहे, म्हणून चेतासंस्थेवर कोठेही घाला पडला की त्याची खबर पुष्कळदा घशात लागते. आपल्या जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात, कोपीत, घराच्या पडवीत जमिनीवर झोपणारी माणसे पुष्कळ. मण्यार हा साप बहुधा रात्री, झोपेतल्या माणसाला चावतो. जागा फारशी सुजत नाही, दुखत नाही, दातांची खूणही नीट सापडत नाही. त्याचे विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग घोट गिळवत नाही, तोंडात लाळ साठते आणि शेवटी श्वास थांबतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात मण्यार आणि नाग यांच्या दंशाच्या रुग्णांवर उपचार केले आणि त्यांचा अनुभव २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाची पहाटे पापणी पडली आणि घोट अडला, तर साप दिसला नसला तरी मण्यारीचा संशय घ्यावा. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. मिरची, कडुनिंब किंवा पाणी काहीही तोंडात न घालता प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र असेल त्या रुग्णालयात न्यावे.

पिसाळलेला कुत्रा चावल्यावर माणूस पाण्याला भितो, असे आपण ऐकतो. तेही मनाचे भय नव्हे. विषाणू चेतांच्या वाटेने मेंदूत पोहोचतो. मग पाण्याचा घोट घ्यायला जावे तर घशाचे आणि श्वासाचे स्नायू वेदनेने पिळवटून आवळतात. पुढे पाणी नुसते दिसले तरी तसे होते. या टप्प्यावर पोहोचलेला रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा चावताच जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखमेवर हळद-चुना लावून वाट पाहू नये.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जी.बी.एस. हा आजार पसरला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. या आजारात पायांपासून ताकद जाऊ लागते. ती कमजोरी वर चढली की गिळणे आणि श्वास दोन्ही धोक्यात येतात. जुलाब होऊन गेल्यावर पायांना मुंग्या येऊन शक्ती जात असेल आणि त्यात घोट अडू लागला, तर क्षणाचाही विलंब नको.

लहान बाळाचा घोट

माता-भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाळ पोटात असल्यापासून गर्भजल गिळायला शिकते. पण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ मेंदूत साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टर नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध देतात, त्याचे कारण हेच. ते बाळ आळशी नसते, त्याच्या मेंदूला अजून थोडा वेळ हवा असतो.

मोठ्या मुलांना औषध पाजताना कित्येक घरांत नाक दाबतात आणि बोंडल्याने किंवा चमच्याने औषध घशात ओततात. रडणारे मूल मोठा श्वास आत ओढते. नेमके त्याच वेळी औषध गेले तर ते छातीत जाते. मूल शांत करावे, उठून बसवावे आणि औषध गालाच्या आतल्या बाजूस थोडे थोडे घालावे.

घरी आणल्यावर

पक्षाघाताचा रोगी घरी येतो तेव्हा सगळा भार घरच्या बायकांवर येतो. त्यांच्यासाठी हे सांगणे.

रोग्याला आडवे ठेवून भरवू नका. पाठीला उशा देऊन सरळ बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्या. झोपेत किंवा गुंगीत असताना घास देऊ नका. आपल्याकडे तांब्या ओठांना न लावता मान मागे टाकून वरून पाणी पिण्याची पद्धत आहे. या रोग्याला ते चालणार नाही. मान मागे टाकली की श्वासनलिकेचे दार अधिक उघडे पडते. मान सरळ ठेवावी आणि चमच्याने छोटा घोट द्यावा. एक घोट खाली उतरल्याशिवाय दुसरा नको.

पातळ पदार्थ गिळायला सोपे, असे आपल्याला वाटते. खरे उलट आहे. पाणी, चहा, पांढरा रस्सा घशात भरभर पळतात आणि मंदावलेल्या मेंदूला दार लावायला वेळ मिळत नाही. नाचणीची दाट आंबील, घोटलेला वरण-भात, दही हे सावकाश सरकतात. भडंग, चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी यांचे कण विखुरतात. मिसळीत किंवा चहात बुडवलेल्या बटरमध्ये पातळ आणि घट्ट एकत्र येतात, ते सर्वांत कठीण. अर्थात कोणाला काय चालेल, किती दाट चालेल, हे प्रत्येकाची तपासणी करूनच ठरते. स्पीच थेरपिस्ट नुसते बोलायला शिकवत नाहीत, गिळायलाही शिकवतात. त्यांना विचारावे.

घोट दिल्यावर रोग्याला "आ" म्हणायला सांगा. आवाज ओला, घुरघुरता आला तर पाणी स्वरयंत्रापाशी अडले आहे, भरवणे थांबवा. लुळ्या बाजूच्या गालात घास दडून बसतो, तो बोटाने काढा. आणि दात, जीभ दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करा. छातीत उतरणारी लाळ घाण असेल तर न्यूमोनिया अधिक होतो. मशेरी, तंबाखू या वेळी तरी कायमची सुटू द्या.

आता नाकातील नळीविषयी. नळी घातली म्हणजे माणूस संपला, अशी समजूत घरोघर आहे. म्हणून कुणी ती काढायला लावतो, कुणी नर्सची पाठ वळली की गुपचूप तोंडात चहा घालतो. वर सांगितलेली गोष्ट इथे आठवा. मेंदूची निरोगी बाजू गिळण्याचे काम शिकत असते, त्याला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस पोटात अन्न जावे म्हणून ती नळी असते. बहुतेकांची नळी पुढे निघते. चोरून दिलेला एक घोट मात्र तेवढी सवड देत नाही.

ही काळजी फार खर्चाची नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पक्षाघाताच्या १९ विभागांत एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. काही विभागांत परिचारिकांनी तीन गोष्टी काटेकोरपणे पाळल्या. ताप आणि रक्तातील साखर सांभाळली आणि तोंडाने काही देण्यापूर्वी गिळणे तपासले. तीन महिन्यांनी, जिथे हे केले नव्हते तिथे शंभरातील ५८ रोगी दगावले किंवा परावलंबी झाले होते. जिथे केले तिथे हा आकडा ४२ होता. नवे महागडे औषध नव्हते, मोठे यंत्रही नव्हते. परिचारिकांचे शिस्तीचे काम होते.

आपला माणूस सी.पी.आर.मध्ये असो, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरांना एक प्रश्न विचारा, "यांचे गिळणे तपासले का? तोंडाने काही द्यायचे का?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, ओळखपाळख लागत नाही आणि पैसाही लागत नाही. उत्तर मिळेपर्यंत ओठ ओल्या फडक्याने टिपा, हात हातात धरून बसा. तेवढी माया त्या वेळी पुरेशी आहे.